डोंगरावरचा पेशंट

तिला वर्गात हवालदार म्हणत. वडील पोलिसात हवालदार होते, आणि पहिल्या वर्षी कुणीतरी सहज मारलेली हाक चिकटली ती चिकटलीच. तिने कधी हरकत घेतली नाही. नर्सिंग कॉलेजात टोपणनावावाचून कुणी सुटत नसे. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीला रेडिओ म्हणत, कारण ती झोपेतसुद्धा बंद पडत नसे. त्या मानाने हवालदार बरं.

शेवटच्या वर्षी कॉलेजाने काही मुली परदेशी पाठवल्या, त्यांत या दोघी होत्या. तिथल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात महिनाभर राहायचं, काम बघायचं, जमेल तेवढं करायचं आणि परत यायचं. बरोबर ट्यूटर बाई होत्या. बाई शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या. निघताना विमानतळावर जमलेल्या आयांना त्यांनी शब्द दिला होता की नेलेली प्रत्येक पोर जशीच्या तशी परत आणून देईन.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग तिथल्या विद्यापीठात फीवाढीवरून आंदोलन सुरू झालं आणि बघता बघता ते फीवाढीपुरतं राहिलं नाही. बस बंद झाल्या, दुकानांची शटरं खाली आली, दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर जळलेल्या टायरांचा वास दिवसभर रेंगाळू लागला. मुलींचं होस्टेल दवाखान्याच्या मागच्या फाटकाला लागून होतं. खिडकीतून चौक दिसे. मुली तिथे गर्दी करून बसत आणि मोर्चातली पोरं पोलिसांना हुलकावणी देऊन गल्लीत पसार झाली की टाळ्या वाजवत. हवालदार त्या वेळी युनिफॉर्मला इस्त्री करत बसे. तिच्या वडिलांच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं. अशाच एका मोर्चातला दगड कानशिलावर बसला होता. हे मुलींना माहीत होतं, म्हणून तिला कुणी खिडकीशी बोलावत नसे.

मुलींना खरं तर वॉर्डात जाण्याची मनाई व्हायला हवी होती. पण दवाखान्यात माणसं कमी पडत होती. निम्म्या सिस्टर घरून निघूच शकत नव्हत्या. बाईंनी विचारलं, कुणाकुणाची तयारी आहे, तेव्हा सगळ्याच उभ्या राहिल्या. अश्रुधुराने सुजलेले डोळे धुणं, काचा लागलेले हात साफ करणं, पट्ट्या बांधणं अशी कामं त्यांच्याकडे आली.

सर्जिकल वॉर्ड मोठ्या सिस्टरांकडे होता. पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या आणि पायांचा आवाज न करता चालणाऱ्या. त्यांच्याशी बोलणं इंग्रजीतून चाले. ते दोन्ही बाजूंनी मोडकंच असल्यामुळे कुणाला लाज वाटत नसे. जखमेकडे आधी नाकाने बघा, मग डोळ्यांनी, असं त्या शिकवत. त्यांच्या वॉर्डात डोकं फुटलेली पोरं आणि हाड मोडलेले शिपाई शेजारशेजारच्या खाटांवर होते. कुणी कुणाकडे बघून काही बोललं तर सिस्टर मध्ये पडदा ओढत, एवढंच. त्यांना एक मुलगा आहे आणि तो शिकतो, यापलीकडे मुलींना त्यांच्याबद्दल माहिती नव्हती.

दवाखान्याच्या फाटकाशी आता पोलीस बसू लागले होते. आत येणाऱ्या तरुणांची चौकशी होई. काहींना तिथूनच गाडीत घालून नेलं जाई. कुठे, ते घरच्यांना लवकर कळत नसे. त्यामुळे जखमी पोरं दवाखान्यात येईनाशी झाली. मुलींना वाटलं, गडबड शमत चालली.

मधे एक-दोन दिवस खरंच शांततेत गेले. तेव्हा मोठ्या सिस्टर स्वतः बाईंकडे आल्या. गावाच्या पाठीशी एक डोंगर होता. त्यावरून सूर्योदय बघायला लोक लांबून येत, आणि मुलींच्या दौऱ्याच्या कार्यक्रमात तो पहिल्यापासून लिहिलेला होता. सिस्टर म्हणाल्या, पोरी दमल्यात, त्यांना एकदा वर नेऊन आणू, मी बरोबर येते. बाईंनी आधी नाही म्हटलं. मग मुलींची तोंडं बघून आणि सिस्टर बरोबर आहेत म्हणून हो म्हटलं. परदेशी मुलींना पोलीस अडवत नाहीत, हेही सिस्टरांनीच सांगितलं.

आणि खरंच कुणी अडवलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी पुलावर नाका होता. तिथल्या शिपायाने मुलींच्या तोंडांवर बॅटरी फिरवली, दवाखान्याची ओळखपत्रं बघितली आणि हाताने जा म्हणून सांगितलं. पिशव्या उघडायला लावल्या नाहीत. सिस्टरांच्या पाठीवरची पिशवी सगळ्यांत जड होती. तुमच्यासाठी ब्रेड आणि उकडलेली अंडी आहेत, असं त्या म्हणाल्या. रेडिओ हळूच म्हणाली की सिस्टरांनी सगळा संसारच पाठीवर घेतलाय, वरच बिऱ्हाड थाटणार दिसतात.

वाट दगडांची होती. मुलींना वॉर्डात दिवसभर उभं राहायची सवय होती, चढायची नव्हती. थोड्या वेळात रेडिओसुद्धा गप्प झाली. फक्त श्वास आणि दगडांवर घासणारे बूट ऐकू येत होते. माथ्यावर पोचल्या तेव्हा उजाडायला लागलं होतं. आधी पलीकडच्या रांगेची टोकं तांबूस झाली, मग उजेड तिथून खाली उतरत आला आणि सूर्य नेमका कुठून वर आला ते बोलता बोलता कुणाच्या ध्यानातच आलं नाही. खाली गाव धुरकट दिसत होतं. दवाखान्याची पाण्याची टाकी ओळखू येत होती. मुली एकमेकींचे फोटो काढू लागल्या, कुणीतरी घरच्यांना व्हिडिओ कॉल लावायला रेंज शोधू लागली. हवालदार एका दगडावर बसून बूट झटकत होती. अंडी कुठायत, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा तिला दिसलं की सिस्टर नाहीत.

ती शोधायला गेली. माथ्याच्या मागच्या अंगाला थोडं उतरल्यावर वनखात्याची एक पडीक चौकी होती. दारात एक लुकडा पोरगा काठी घेऊन उभा होता. तिने दोन्ही हात रिकामे आहेत हे दाखवलं. आतून सिस्टरांचा आवाज आला, त्यांच्या भाषेत, आणि पोरगा बाजूला झाला.

आत कांबळ्यावर एक तरुण पडला होता. त्याचा पाय सिस्टरांच्या मांडीवर होता. हवालदारला वास आधी आला. पोटरीवर खोल जखम होती, बऱ्याच दिवसांची, कडा काळवंडलेल्या, आणि तिथून लाल रेघा गुडघ्यावरून मांडीपर्यंत चढल्या होत्या. अंग तापलेलं. नाडी इतकी पळत होती की मोजणं कठीण जात होतं. त्याने तिच्याकडे बघून काहीतरी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, तो तुला त्याची मावशी समजतोय.

"आलीच आहेस तर सलाईनची बाटली धर," त्या म्हणाल्या.

तिने धरली. सिस्टर जखम धूत होत्या. वॉर्डात कधी काही न सांडणाऱ्या त्या हातांतून गॉज दोनदा खाली पडलं. पिशवीत गोळ्या होत्या, पट्ट्या होत्या, त्याच्यासाठी आणलेला स्वेटर होता. अंडी आणि ब्रेडही होता, पण ते मुलींसाठी नव्हतं.

"सिस्टर, गोळ्यांनी हे उतरणार नाही," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या आणि पट्टी गुंडाळत राहिल्या.

तेवढ्यात बाई आल्या, मागे रेडिओ. बाईंनी दारातून सगळं बघितलं आणि काय ते त्यांना लगेच समजलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्या सिस्टरांना बरंच काही बोलल्या. पोरी माझ्या भरवशावर आणलेल्या आहेत, परक्या मुलखात आहेत, उद्या यांतल्या एकीला कुणी धरलं तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवू, तुम्ही आम्हाला नाक्यावर ढाल म्हणून वापरलंत. सिस्टरांनी नाकारलं नाही. त्या म्हणाल्या, हो, वापरलं. दुसरी वाट नव्हती.

दारातला पोरगा एकदा बाईंकडे, एकदा सिस्टरांकडे बघत होता. कांबळ्यावरचा तरुण सिस्टरांचा मुलगा होता आणि हा त्याचा मित्र, दोघेही आंदोलनातले. दोघांचा बेत डोंगराची धार ओलांडून पलीकडच्या देशात उतरण्याचा होता, पण पायामुळे ते इथेच अडकून पडले होते.

हवालदार म्हणाली, याला दवाखान्यात न्यायला हवं. सिस्टर म्हणाल्या, फाटकातूनच उचलतील. त्यावर ती जे बोलली ते तिने आधी ठरवलेलं नव्हतं. तिच्या वडिलांनी नोकरीतली काही वर्षं दवाखान्यातल्या कैद्यांवर पहारा देण्यात काढली होती. घरी जेवताना ते सांगत, की गुपचूप उचललेला माणूस हरवतो, पण चार लोकांनी बघितलेला, डॉक्टरने तपासलेला माणूस सहसा हरवत नाही. मग वरचे अधिकारीही जपून वागतात. म्हणून याला लपवून न्यायचं नाही, उघड न्यायचं. सगळ्यांच्या देखत, दिवसाढवळ्या, आणि आम्ही परदेशी मुली बरोबर असताना.

सिस्टरांनी चष्मा काढून जवळच्या स्वेटरला पुसला. तो मुलाचा स्वेटर होता.

"तुझे वडील तुझ्या देशातले," त्या म्हणाल्या. "इथले पोलीस तुझे वडील नाहीत."

"नाहीत. पण इथे ठेवला तर काय होईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

सिस्टर मुलाच्या कपाळावर हात ठेवून बसल्या. त्या नर्स होत्या, त्यांना कळत होतं. त्या आईही होत्या, आणि त्यांना त्याला पोलिसांच्या हातात द्यायचं नव्हतं. मित्र त्यांच्याशी घाईघाईने काहीतरी बोलला. त्याचं म्हणणं वेगळं असावं, कारण तो सारखा धारेकडे बोट दाखवत होता. सिस्टरांनी नको म्हणून मान हलवली. मग त्या पोराने वाकून मुलाचा खांदा दाबला, ब्रेडचं एक पाकीट उचललं आणि तो धारेच्या दिशेने निघून गेला.

बाई बाहेर जाऊन दगडावर बसल्या होत्या. मुली एव्हाना चौकीपाशी जमल्या होत्या. बाई उठून आल्या आणि म्हणाल्या, याला आपण खाली नेतोय, ज्यांना यात पडायचं नाही त्यांनी आत्ताच पुढे उतरून थेट होस्टेलवर जावं, मी कुणाला नाव ठेवणार नाही. एक मुलगी रडायला लागली, पण गेली नाही. रेडिओने विचारलं, "बाई, मी तोंड बंद ठेवायचं ना?"

"नको," बाई म्हणाल्या. "आज जन्मभराचं बोलून घे. मोठ्याने बोल."

कुंपणाचे दोन वासे उपटून कांबळ्याची झोळी केली. पेशंट कसा उचलायचा ते शिकलेल्या मुली होत्या, पण उतारावरून कुणी शिकवलं नव्हतं. खालच्या अंगाच्या मुलींच्या खांद्यांवर सगळा भार येई, मग जागा बदलायच्या. सिस्टर त्याचं डोकं सांभाळत चालल्या होत्या. हवालदार मधून मधून नाडी बघे आणि सिस्टरांना आकडा सांगे. त्या फक्त हं म्हणत.

पायथ्याशी दोन वाटा होत्या. एक झाडीतून पुलाकडे जाई, दुसरी बाजारातून. बाईंनी बाजाराची धरली. दुकानं अर्धी उघडी होती. रेडिओ पुढे झाली आणि पेशंट आहे, वाट द्या, असं तिला येत होत्या तेवढ्या सगळ्या भाषांत ओरडत सुटली. त्यांतली एक तर तिची गावाकडचीच होती. लोक दारांत आले. कुणीतरी सिस्टरांना ओळखलं. एका न्हाव्याने हातातला कंगवा तसाच खिशात खोचला आणि झोळीला खांदा दिला, पाठोपाठ एका म्हाताऱ्याने. नाक्यापर्यंत येईतो मागे बरीच माणसं झाली होती. घोषणा कुणी दिल्या नाहीत. सगळे नुसते चालत होते.

पुलावर आता एक तरुण अधिकारी होता. त्याने कांबळं वर करून पाय बघितला, तोंड बघितलं आणि शिपायांना जीप आणायला सांगितलं. याला आम्ही नेतो, तुम्ही जा, असं तो म्हणाला. तो उद्धट नव्हता. त्याने बाईंना मॅडम म्हटलं.

बाई झोळीच्या आणि त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्या उंचीने त्याच्या खांद्याला लागत होत्या.

"हा आमचा पेशंट आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरच्या ताब्यात देईपर्यंत आम्ही त्याला सोडत नाही. तुम्हाला यायचं तर बरोबर या."

अधिकाऱ्याने गर्दीकडे बघितलं. मग बाजूला जाऊन फोनवर बोलला, खूप वेळ. झोळी खाली ठेवता येत नव्हती आणि धरवतही नव्हती. एका मुलीचे हात सुटायला लागले तसा नाक्यावरच्याच एका शिपायाने वासा धरला आणि साहेब वळून बघताहेत म्हटल्यावर दुसरीकडे बघू लागला. शेवटी अधिकारी आला आणि म्हणाला, चला. भाजीच्या एका टेम्पोत झोळी ठेवली. आत सिस्टर, बाई आणि हवालदार बसल्या. पुढे पोलिसांची जीप होती. बाकीच्या मुली मागून चालत आल्या.

सर्जनने त्याला लगेच टेबलावर घेतलं. पोटरीचा बराच भाग काढावा लागला, पण पाय राहिला. शुद्धीवर आला तेव्हा त्याचा एक हात बेडीने खाटेच्या दांडीला अडकवलेला होता आणि शेजारी स्टुलावर शिपाई बसला होता.

त्या संध्याकाळी हवालदारने घरी फोन केला आणि वडिलांना झालं ते सांगितलं. तुम्हीच नाही का म्हणत होतात, असं ती म्हणाली. वडिलांनी तिला दोनदा बोलायला लावलं, कारण फोन ऐकू न येणाऱ्या कानाला होता. मग म्हणाले, म्हणालो असेन. बहुतेक वेळा तसंच व्हायचं. नेहमी व्हायचं असं नाही. त्यांनी विचारलं, तू जेवलीस का. हे बोलणं तिने कुणाला सांगितलं नाही. पुढचे काही दिवस ती ड्युटीवर येताना आधी जिन्यावरून त्या खाटेकडे बघून घेई, तो आहे ना म्हणून.

तो होता. त्याला कुणी नेलं नाही. पण मोठ्या सिस्टरांना त्या वॉर्डातून काढून औषधांच्या कोठीत बसवलं आणि मुलाला भेटायची बंदी केली. त्याचं ड्रेसिंग हवालदार करी. दुपारी जिन्यावर सिस्टर उभ्या असत आणि ती ड्युटी बदलताना देतात तसा अहवाल त्यांना देई. ताप उतरतोय, स्राव कमी आहे, रात्री झोप लागली, जेवण निम्मं टाकलं. सिस्टर तिच्याकडे न बघता ऐकत आणि निघून जात. खाटेजवळच्या शिपायाचे पाय दिवसभर बसून सुजत. हवालदारने एकदा त्याला पाय टेकायला एक खोका आणून दिला. मुलींना ते आवडलं नाही. ती म्हणाली, सूज पेशंटची असो की कुणाची, पाय वरच घ्यावे लागतात.

महिना पुरा व्हायच्या आतच दूतावासाने सगळ्यांना परत पाठवलं. निघताना सिस्टर आल्या नाहीत. त्या ड्युटीवर होत्या. इकडे एका मुलीच्या आईने कॉलेजात तक्रार केली. बाईंना उत्तर द्यावं लागलं आणि पुढे दौऱ्यांवर त्यांना कधी पाठवलं नाही. त्या विषयावर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. परीक्षेत मात्र झोळी करून पेशंट उतारावरून आणणे हा प्रश्न त्यांनी दोन वर्षं ओळीने घातला.

रेडिओचा तिथल्या एका सिस्टरशी संपर्क राहिला होता. तिच्याकडून कळलं की मुलाला शिक्षा झाली, दीडेक वर्षाची. त्याचा मित्र धार ओलांडून सुखरूप पोचला होता आणि तिथे पुन्हा कॉलेजला जाऊ लागला होता. रेडिओ म्हणाली, "पाय धड असता तर हाही गेला असता."

"हो," हवालदार म्हणाली.

ती आता एका दवाखान्यात सर्जिकल वॉर्डातच लागली आहे. मध्यंतरी एका सुट्टीच्या दुपारी तिला परदेशी नंबरावरून फोन आला. मोठ्या सिस्टर होत्या. आवाज तोच, इंग्रजी तेवढंच मोडकं. मुलगा सुटून घरी आला होता. चालतो, पण जिना चढताना पाऊल ओढतं आणि बूट घातला की बाहेरच्या बाजूला दुखतं. व्यायाम कोणता देऊ, असं त्या विचारत होत्या. त्यांना ते तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त माहीत होतं. तिने तरी सगळं नीट सांगितलं, टाच टेकवून पंजा वर घ्यायचा, भिंतीला धरून, दुखलं की थांबायचं. मग तिने विचारलं, दुखतं तिथली कातडी घट्ट झालीय का.

सिस्टर म्हणाल्या, थांब, बघून सांगते. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली, कुणीतरी कुरकुरलं, सिस्टर त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी रागावून बोलल्या. हवालदार फोन कानाला लावून वाट बघत राहिली.